घरमालकाने स्वतः करावयाचे काम

ऑकलंडमध्ये बस चालवत असताना पिरिहिरा वाइतोआ हिची ख्याती गाडी चालवण्याबद्दल नव्हती, कराराची कलमे वाचण्याबद्दल होती. दोन फेऱ्यांच्या मध्ये चालकाला विश्रांती मिळावी, असे करारात लिहिले होते. बस थांबली की विश्रांती सुरू झाली, असे व्यवस्थापनाचे म्हणणे. शेवटचा उतारू उतरल्यावर, मागे राहिलेली छत्री उचलून चालक खाली पाय ठेवतो तेव्हा ती सुरू होते, असे पिरिहिराचे. हा वाद तिने वर्षभर लावून धरला आणि जिंकला. पुढे काही चालक सिगारेट ओढून झाल्यानंतर विश्रांती मोजू लागले, तेव्हा तिने त्यांच्याही समोर तेच कलम धरले. सोबत्यांना ते आवडले नाही. ‘‘त्यांच्यासाठी सोमवारी एक अर्थ आणि आपल्यासाठी शुक्रवारी दुसरा, हे मला जमणार नाही,’’ एवढेच ती म्हणाली आणि आपली बस घेऊन निघून गेली.

निवृत्तीनंतर ती होकियांगा हार्बरच्या उत्तर किनाऱ्यावर, आमच्या वाइपारेरा गावी परतली. आई वारली होती. वडील, नाव पारातेने, ज्यांना सारे गाव ‘कोरो’ म्हणजे आजोबा म्हणते, फांगारेई शहरातल्या एका वृद्धाश्रमात होते. त्यांची फुप्फुसे थकली होती आणि हवेतून प्राणवायू गाळून देणारे एक यंत्र दिवसरात्र त्यांच्या उशाशी घरघरत असे. पिरिहिरा भेटायला गेली की ते एकच विचारीत, ‘‘भरती कुठवर आलीये?’’ खिडकीबाहेर मोटारी उभ्या करण्याची जागा होती. पिरिहिरा अंदाजाने भरतीची वेळ सांगे, आणि मग ते डोळे मिटून घेत.

तिथली नर्स सरळ बोलणारी बाई होती. ‘‘न्या की घरी, मी कशाला अडवू? पण घर ऊबदार हवं, आणि यंत्र चालायला नीट तपासून पास झालेली वीज हवी. ते झालं की मी स्वतः त्यांना आणून सोडते. मात्र कडक थंडीच्या आत. एकदा हिवाळा बसला की मी त्यांना फेरीबोटीवरून हलवणार नाही. आणि खरं सांगू? पुढचा उन्हाळा ते बघतील असं मला वाटत नाही.’’

घर अर्धे उभे होते. खाजणाच्या वरच्या उतारावर, कुटुंबाच्या सामाईक जमिनीवर, भावंडांनी लाकडी सांगाडा ठोकून त्यावर पत्रे चढवले होते. भिंतींना आतून तक्ते लागायचे होते, आणि त्याआधी वायरिंग. हार्बरच्या पलीकडे एकच वायरमन होता. तो वसंत ऋतूपर्यंत मोकळा नव्हता. तेव्हा पिरिहिराला कुणीतरी सांगितले की आपल्या घराचे वायरिंग आपण करायला या देशात परवानगी आहे. तिने नियमांची पुस्तिका मागवली, ती वाचली, पुन्हा वाचली, आणि मग डार्गाव्हिलच्या वीज-इन्स्पेक्टरला, नेव्हिल यूरिचला, फोन लावला.

‘‘आहे परवानगी,’’ नेव्हिल म्हणाला. ‘‘घराचा मालक त्या घरात राहणार असेल, तर त्याला स्वतः करता येतं. मीटर आणि मेन बोर्ड यांना हात लावायचा नाही. तक्ते ठोकण्याआधी मला दाखवायचं, आणि मी तपासल्याशिवाय वीज जोडायची नाही. घर कुणाचं आहे?’’

पिरिहिरा म्हणाली, ‘‘जमीन आमच्या सगळ्यांची आहे.’’

‘‘सगळ्यांची म्हणजे?’’

‘‘आमच्या पणजोबांच्या वंशात जन्मलेल्या सगळ्यांची. त्यात काही मेलेलेही आहेत. त्यांची नावं अजून कागदावरून काढलेली नाहीत.’’

‘‘मेलेल्यांना मी मालक धरू शकत नाही, पिरिहिरा.’’

‘‘आम्ही धरतो.’’

पलीकडे नेव्हिल हसला असावा. ‘‘जमिनीचं राहू द्या. मी घराचं विचारतोय. घर तुमचं आहे, एवढं जमिनीच्या विश्वस्तांनी ठरवून कळवलं की मला पुरे.’’

हे ‘एवढं’ आमच्याकडे मोठे प्रकरण होते. मराएवर, म्हणजे आमच्या सभाघरात, सभा बसली. प्रार्थना झाली, गेलेल्यांची आठवण झाली, चहा झाला. मग पिरिहिराने उभे राहून सांगितले की हे घर आपल्या एकटीचे आहे असे सर्वांनी मान्य करावे. सभेत कुणी रागावले नाही, पण सगळे अवघडले. तिचा मामेभाऊ रेवेति विश्वस्तांपैकी एक. त्याची हार्बरमध्ये बोय माशांची जाळी असतात, आणि तो बोलायला उठला की बायका विणकाम खाली ठेवतात.

‘‘या जमिनीवर आजवर ‘माझं’ असं फक्त कुत्र्याबद्दल बोललं गेलंय,’’ रेवेति म्हणाला, ‘‘आणि तेसुद्धा तो कुणाला चावेपर्यंत. आता पिरी म्हणते घर माझं. ठीक आहे, कोरोसाठी म्हणते. पण एक सांग पिरी, त्या घरातली किटली कुणाची?’’

‘‘किटली सगळ्यांची,’’ पिरिहिरा म्हणाली.

‘‘आणि किटलीखालची वीज?’’

‘‘बिल आलं की तीही सगळ्यांची.’’

सभाघर हसले. घर पिरिहिराचे आहे, ती तिथे कोरोंना घेऊन राहणार आहे, असा ठराव झाला आणि तो नेव्हिलकडे गेला.

पुढे जे घडले ते समजायला आमच्याकडची रीत माहीत हवी. आमच्याकडे कुणी घर बांधतो तेव्हा कुणाला बोलावणी जात नाहीत. शनिवारी सकाळी जो तो आपला हातोडा घेऊन येतो. ज्याचे घर, तो सर्वांना जेवू घालतो आणि काय कुठे ते दाखवतो. पारातेनेने होडी बांधली, असे गाव म्हणते तेव्हा त्या होडीला निम्म्या गावाचे हात लागलेले असतात, आणि तरी ते विधान कुणाला खोटे वाटत नाही. पिरिहिराने पुस्तिकेतले ‘मालक’ तपासले होते, ‘राहणार’ तपासले होते, मेन बोर्ड आणि तक्ते यांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. ‘स्वतः’ हा शब्द मात्र तिच्या नजरेला अडला नाही. त्यात अडण्यासारखे काही असू शकते, हेच तिच्या मनात आले नाही.

तेव्हा एका शनिवारी आम्ही सारे जमलो. मीही शहरातून आलो होतो आणि तक्ते वाहत होतो. पिरिहिराने प्रत्येक खांबावर खूण केलेली होती, प्रत्येक वायर मापून कापलेली होती. तिने रेवेतिला, त्याच्या बायकोला हूहानाला आणि इतरांना वायर कशी न्यायची, किती अंतरावर क्लिप ठोकायची, कोपऱ्यावर किती सैल ठेवायची, हे दाखवले. दुपारी डुकराची हाडे आणि रानातली पुहाची भाजी घातलेले पातेले उतरले, तळलेले पाव आले. रविवारी दिवस मावळेपर्यंत घरभर वायर झाली. पिरिहिराने शिडीवर चढून एकूणएक क्लिप पाहिली. कोरोंच्या खोलीची वायर रेवेतिने कुणाला हात लावू न देता एकट्याने ओढली होती, आणि ती सर्वांत सरळ होती.

नेव्हिल सकाळच्या फेरीबोटीने आला. उंच, संथ माणूस. बूट दाराबाहेर काढून आत गेला. खोल्याखोल्यांतून हिंडला, वाकला, बोटाने क्लिपा दाबून पाहिल्या. बाहेर आम्ही सारे ओळीने उभे होतो, निकालाच्या दिवशी शाळेत उभे राहावे तसे.

‘‘काम चांगलं आहे,’’ तो म्हणाला. ‘‘फारच चांगलं. ही खोली कुणी केली?’’

‘‘मी,’’ रेवेति पुढे झाला.

‘‘तुम्ही वायरमन आहात?’’

‘‘छे हो! मी बोय पकडतो.’’

‘‘आणि स्वयंपाकघर?’’

‘‘ते माझं,’’ हूहाना म्हणाली. ‘‘नळावरची ती मोठी वळणं बघितलीत? माझीच.’’

नेव्हिलने तपासणीचा मीटर पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली. ‘‘हे मी पास करू शकत नाही.’’

कुणालाच कळेना. पिरिहिराने शांतपणे विचारले, ‘‘चूक कुठे आहे?’’

‘‘वायरमध्ये नाही. मालकानं स्वतः केलेलं काम मी तपासू शकतो, परवानाधारक वायरमननं केलेलं तपासू शकतो. बोय पकडणाऱ्या मामेभावानं केलेलं तपासायला मला नियमात जागा नाही.’’

‘‘पण मालक तर आम्ही सगळेच आहोत!’’ रेवेति म्हणाला. ‘‘जमीन माझीपण आहे. हूहानाच्या पोरांचीपण आहे.’’

‘‘या घरात राहणार कोण?’’

‘‘पिरी आणि कोरो.’’

‘‘मालक असून राहणारा, असं आहे ते. दोन्ही हवं.’’

‘‘मग आजपासून मी इथंच झोपतो!’’

‘‘झोप की,’’ हूहाना म्हणाली. ‘‘मला घोरण्यातून सुट्टी.’’

हसणे झाले, पण फार टिकले नाही. मागून कुणीतरी म्हणाले, ‘‘नेव्हिल, तुम्ही विचारलंच नाही असं समजा. आम्हीपण काही बोललो नाही.’’ नेव्हिल बुटाची नाडी बांधत राहिला. नाडी बांधायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ त्याने घेतला, हे मला आजही स्पष्ट आठवते. पिरिहिराच्या तोंडून एक वाक्य निघाले असते, तर कदाचित तो पुन्हा आत गेला असता.

‘‘नाही,’’ पिरिहिरा म्हणाली. ‘‘त्यांनी विचारलं आणि आपण सांगितलं.’’ मग ती रेवेतिकडे वळली. ‘‘मी सभेत उभी राहून घर माझं एकटीचं करून घेतलं. तेव्हा मला तसं हवं होतं. आज मला हवं म्हणून ते सगळ्यांचं कसं करू?’’

‘‘कोरो तिकडे श्वास मोजत पडलेत आणि तू कलमं मोजतेस?’’

‘‘त्यांच्या उशाशी जी वीज येणार, तिच्या मुळाशी खोटं नको मला.’’ ती नेव्हिलला म्हणाली, ‘‘मी हे सगळं काढलं आणि माझ्या हातानं परत घातलं, तर?’’

‘‘तर मी येईन आणि तपासीन.’’

‘‘मग काम म्हणजे नेमकं काय, ते आत्ताच ठरवू. लाकडाला भोक पाडणं?’’

‘‘ते सुतारकाम. भोकं आहेत तशी राहू देत.’’

‘‘शिडी धरणं?’’

‘‘कुणीही धरा.’’

‘‘टॉर्च धरणं? वायरची गुंडाळी उचलून आणणं?’’

‘‘चालेल.’’

‘‘वायरचं दुसरं टोक भोकातून पुढे सारणं?’’

नेव्हिल म्हणाला, ‘‘नाही. तिथं वायर बसवणं सुरू झालं. ओढणं, सारणं, क्लिप ठोकणं, सोलणं, जोडणं, हे सगळं तुम्ही. पुस्तकात हे इतकं फोडून लिहिलेलं नाही. मी लावतो तो हा अर्थ. दुसऱ्या इन्स्पेक्टरनं कदाचित थोडा सैल लावला असता.’’

‘‘तुमचाच राहू दे,’’ पिरिहिरा म्हणाली. ‘‘फक्त परत याल तेव्हा तो बदलू नका.’’

तो गेल्यावर रेवेतिने विचारले, ‘‘कोरोच्या खोलीतली माझी वायर. तीपण काढणार?’’

‘‘हो.’’

‘‘ज्या हातांनी तुझ्या घराचे खांब पुरले, ते हात तुला आता चालत नाहीत?’’

‘‘मला चालतात रेवेति.’’

तो उताराने खाली निघून गेला. सामाईक हातांनी केलेले काम उकलून टाकणे ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. भांडणे झाली, घरे तुटली, तरी कुणी दुसऱ्याने ठोकलेला खिळा उपटून त्याच्या हातात देत नाही. त्या दिवशी जेवायला फारसे कुणी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी पिरिहिराने नेमकी कोरोंच्या खोलीपासून सुरुवात केली. वायर तीच पुन्हा वापरता येत होती, म्हणून तिने क्लिपा पकडीने हलक्या उचलून ती अखंड काढली, खांद्यावर घेतली आणि रेवेतिच्या शेडवर गेली. तो जाळे दुरुस्त करत होता. त्याने वर पाहिले नाही.

‘‘हे घे,’’ ती म्हणाली.

‘‘मी काय करू त्याचं?’’

‘‘पीळ पडलाय. सरळ करून नीट गुंडाळून ठेव. तेवढं ‘काम’ होत नाही, नेव्हिलनं सांगितलंय. मला परत लागेल तेव्हा घेऊन ये.’’

‘‘म्हणजे मी तुझा हमाल.’’

‘‘हमाल, आणि राखणदारपण. घरात आपली माणसं शिरणार, सवयीनं हात लावणार. तू दारात उभा राहिलास तर कुणी धजणार नाही.’’

रेवेतिने जाळ्याची गाठ आवळली, दाताने दोरा तोडला. ‘‘आणि मी स्वतःच हात लावला तर?’’

‘‘स्वतःलाही तूच अडव.’’

तो आला. लगेच नाही, पण आला. दाराच्या उंबऱ्यावर त्याने खडूने एक जाड रेघ ओढली आणि बाहेर खुर्ची टाकली. मग हळूहळू बाकीचेही आले. हूहानाने अंगणात चूल मांडली. काम तर करायचे नाही, मग यायचे कशाला, असे आमच्याकडे कुणाच्या मनात येत नाही. माणूस एकटा राबत असेल तर त्याच्या नजरेसमोर बसायचे असते. तशी सारी मंडळी बसली, लोकरीच्या टोप्या घालून, हात मांड्यांखाली दाबून. कुणी रेघेजवळ गेले की रेवेति ओरडे, ‘‘हात खिशात!’’ पाद्री विचारपूस करायला आले, तर त्यांनाही तो म्हणाला, ‘‘आशीर्वाद लांबूनच, पाद्रीबाबा. हात खिशात!’’

पिरिहिराचे वय साठीच्या पुढे गेले होते आणि बसच्या क्लचने तिचा डावा गुडघा केव्हाच खाल्ला होता. आठ-दहा माणसांनी दोन दिवसांत केलेले काम एकट्या माणसाला किती पुरते, याचा हिशोब तिने आम्हाला कधी ऐकवला नाही. सकाळी दहिवर सुकायच्या आत ती शिडीवर असे. खाजणावरून येणारा वारा रोज थोडा अधिक बोचरा होत होता, आणि ती मान वर करून आभाळाकडे पाही तेव्हा कशाचा अंदाज घेते आहे, हे साऱ्यांना ठाऊक होते.

सर्वांत वाईट जागा होती माळ्यावरची. मधल्या बोळाच्या छतावरून वायर दोन वळणे घेऊन कोरोंच्या खोलीत उतरायची होती. वरून ओढले की ती वळणात अडके. पिरिहिरा शिडीवरून खाली उतरे, खालून वायर थोडी पुढे सारी, पुन्हा वर चढे, सरपटत टोकाशी जाई आणि ओढी. वायर वीतभर सरके आणि पुन्हा अडके. ती परत उतरे. दुपारपर्यंत तिचे हे चढणे-उतरणे चालू होते. एकदा खाली येताना तिचा गुडघा लचकला, तेव्हा ती पायरीला धरून बराच वेळ उभी राहिली.

रेवेति तेवढ्यापुरता रेघ ओलांडून, टॉर्च धरून शिडीपाशी उभा होता. वायरचे टोक त्याच्या दंडाजवळच लोंबत होते.

‘‘पिरी,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘मी नुसतं बोट लावतो. एकदाच.’’

‘‘खिशात.’’

‘‘अगं, कोण बघतंय इथं?’’

‘‘तू बघतोयस.’’

त्याने हात खिशात घातला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. थोड्या वेळाने तो त्याच भिंतीला म्हणाला, ‘‘जाळ्याच्या काठातून जाड दोर घालायचा असला तर मी दोर नाही सारत. आधी बारीक दोरी घालतो, पुढे शिसं बांधून. शिसं आपोआप उतरतं. मग दोरीच्या शेपटीला दोर बांधून एकाच बाजूनं ओढतो.’’ मग तो एकदम दचकला. ‘‘थांब. हे सांगणं म्हणजे काम झालं का?’’

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पिरिहिराने खिशातून फोन काढला.

‘‘नेव्हिल, एक विचारायचंय. सांगणं चालतं का?’’

‘‘काय सांगणं?’’

‘‘कसं करायचं ते. रेवेति सांगतो आणि मी करते.’’

‘‘सांगणं चालतं,’’ नेव्हिल म्हणाला. ‘‘ओरडणंसुद्धा चालतं.’’

रेवेतिला एवढेच हवे होते. त्याने शेडवरून मासेमारीची दोरी आणि शिसे आणून रेघेबाहेर ठेवले, आणि मग तोंड मोकळे सोडले. ‘‘तशी नाही, उलटी गाठ! अगं बोयाची गाठ माहीत नाही तुला? कोरोची पोर ना तू? दोन वेढे! आता शिसं सोड. सोड म्हणतो ना! तुझी बस आहे का ती, ब्रेक दाबून धरायला!’’

‘‘रेवेति, मी खाली आले ना की तुझी गाठ मारीन,’’ माळ्यावरून आवाज आला, आणि अंगणात कितीतरी दिवसांनी मनापासून हशा पिकला.

शिसे पहिल्या वळणावर अडखळले, दुसऱ्या वेळी उतरले. दोरीच्या मागे वायर आली, एकाच टोकाने, एकाच माणसाच्या हाताने. पिरिहिराने खोलीत येऊन ती खांबावर धरली आणि पहिली क्लिप ठोकली. तिची वायर रेवेतिच्याइतकी सरळ नव्हती. त्याने ते पाहिले आणि टॉर्च थोडा वर धरला.

नेव्हिलने सांगाड्यातली वायर पास केली, त्या दिवशी तक्ते ठोकायची मुभा मिळाली. तक्ते म्हणजे सुतारकाम. इतके दिवस मांड्यांखाली दाबून ठेवलेले सारे हात एकदम सुटले. एवढ्या जोराने आणि एवढ्या अनावश्यक खिळ्यांनी ठोकलेले तक्ते त्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुठल्या घरात नसतील. मग पुन्हा रेघेबाहेर जाणे आले. सॉकेट, स्विच, दिव्यांचे पॉइंट पिरिहिराने एकटीने बसवले, चष्मा नाकावर ओढून, प्रत्येक स्क्रू आवळल्यावर वायर हलकेच ओढून पाहत.

शेवटच्या तपासणीला नेव्हिल आला तेव्हा उताराखालचे गवत गारठ्याने पांढरे पडले होते. त्याने एकेक पॉइंट मीटरने तपासला. बैठकीच्या खोलीत लोखंडी शेगडीच्या धुराड्यापाशी तो थांबला.

‘‘हे सॉकेट धुराड्याच्या फार जवळ आलंय. वायर तापेल. मागच्या वेळी धुराडं बसलेलं नव्हतं.’’

‘‘धुराडं आम्ही ठरल्या जागेपासून सरकवलं,’’ रेवेति दारातून म्हणाला. त्याचा चेहरा पडला. ‘‘तक्ते ठोकताना. तिकडं नीट बसत नव्हतं म्हणून. ते वायरचं काम नव्हतं.’’

‘‘तुमचं काम नियमात होतं,’’ नेव्हिल म्हणाला. ‘‘पण सॉकेट आता नियमात नाही.’’

‘‘किती लांब हवं?’’ पिरिहिराने विचारले.

त्याने हाताने दाखवले. दिवस आखूड झाले की फेरीबोट लवकर थांबते. नेव्हिलने घड्याळ पाहिले, मग तिच्याकडे पाहिले, आणि बूट घालायला न जाता हूहानाने पुढे केलेला चहा घेतला. पिरिहिराने नवा लावलेला तक्ता कापला. वायर मागे घेतली, पुढच्या खांबावर नेली, सॉकेट पुन्हा बसवले. तिचे हात थंडीने बधिर झाले होते. एक स्क्रू तिच्या बोटांतून पुनःपुन्हा निसटत होता. आम्ही सगळे दारातून पाहत होतो. रेवेतिचे हात खिशात होते. स्क्रू बसला. नेव्हिलने कप खाली ठेवला, पुन्हा मीटर लावला, आकडा पाहिला, आणि बाहेर जाऊन बोर्डापाशी वीज जोडून आला. मग त्याने पिरिहिराला स्विचकडे हात करून दाखवले.

दिवा लागला. फार काही नाही, एक साधा दिवा. हूहाना रडू लागली आणि रेवेति म्हणाला, ‘‘झालं, आता बिल येणार.’’

नर्सने शब्द पाळला. कडाक्याच्या थंडीला अजून थोडा अवकाश होता, तेव्हा एका कोरड्या, स्वच्छ दिवशी तिची गाडी फेरीवरून उतरली. कोरोंना खुर्चीवरून चौघांनी उचलून आत नेले. उचलणे हे काही वायरिंग नव्हते, त्यामुळे त्याला माणसांची कमतरता पडली नाही. खोलीत शेगडीची ऊब होती. खिडकीतून हार्बर दिसत होते, आणि भरती कुठवर आली आहे हे त्यांना कुणाला विचारावे लागले नाही. पिरिहिराने यंत्राचा प्लग सॉकेटमध्ये घातला. यंत्र घरघरू लागले, तिने नळी त्यांच्या नाकाशी नीट बसवली, आणि त्यांच्या छातीची हालचाल संथ होईपर्यंत ती वाकून उभी राहिली.

कोरोंनी छताकडे पाहिले. दिव्याकडे, स्विचकडे, सॉकेटकडे.

‘‘कुणी केलं हे?’’

‘‘मी केलं, पापा.’’

‘‘आणि ही सगळी?’’

‘‘ही सगळी बाहेर बसली होती.’’

म्हाताऱ्याने सावकाश मान वळवून दाराकडे पाहिले. दारात रेवेति, हूहाना आणि त्यांच्या मागे निम्मे गाव उभे होते. ‘‘बसली होती?’’ त्यांनी श्वास घेतला, मग पुढचे शब्द बोलायला आणखी एक घेतला. ‘‘माझी लेक शिडीवर, आणि तू बसला होतास, रेवेति?’’

मालक, घर, राहणारा, स्वतः, हे सारे समजावून सांगायला रेवेति सहज दुपार घेऊ शकला असता. त्याने पिरिहिराकडे पाहिले.

‘‘हो कोरो,’’ तो म्हणाला. ‘‘फार जड गेलं.’’

नर्सने यंत्रावरचा काटा पाहिला, सॉकेटला हात लावून ते गरम होत नाही ना ते पाहिले, कोरोंची नाडी पाहिली. पिरिहिरा तिच्या प्रत्येक हालचालीकडे पाहत होती. नर्सने आपली पिशवी उचलली, कोरोंना ‘येते हं’ म्हटले, आणि फेरी सुटायच्या आत, रिकामी गाडी घेऊन एकटीच उताराने खाली गेली.